घरगुती गॅस गिझरमधील बिघाड

गॅस गिझर हे द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या (एलपीजी) ज्योतीने वाहते पाणी तत्काळ तापविणारे घरगुती उपकरण आहे. त्यात पाण्याचा साठा नसतो. त्यामुळे गरम पाणी मिळण्यासाठी पाण्याचा दाब, वायूचा पुरवठा, ठिणगी आणि हवा या चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात आणि बहुतेक तक्रारींचे मूळ यांपैकी एकीत असते. पहिल्या तिन्हींत बिघाड झाल्यास पाणी थंड किंवा कोमट येते. हवा अपुरी पडल्यास मात्र पाणी गरम येत असतानाच स्नान करणाऱ्याच्या जिवाला धोका निर्माण होतो.

पार्श्वभूमी

लंडनमधील बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ मध्ये वायूवर पाणी तापविणारे यंत्र तयार केले व त्यास ‘गिझर’ हे नाव दिले. हा शब्द आइसलँडमधील उष्ण पाण्याच्या कारंज्यांवरून आला आहे. या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती.

महाराष्ट्रातील घरांत पूर्वी स्नानाचे पाणी चुलीवर किंवा तांब्याच्या बंबात तापवीत. बंबाच्या मध्यभागातील नळीत लाकूड वा कोळसा पेटवला जाई आणि भोवतीचे पाणी तापे. बंब बहुधा परसात किंवा मोकळ्या न्हाणीघरात असे, शिवाय धूर डोळ्यांना व नाकाला लगेच जाणवे. गॅस गिझरमुळे ज्योत लहान व बंद स्नानगृहात आली आणि धुराची ती सूचनाही नाहीशी झाली.

युरोपातील घरांत वापरला जाणारा काँबी बॉयलर स्नानाचे पाणी याच तत्त्वावर तापवितो. तो खोल्या उबदार ठेवण्याचेही काम करतो व त्याचा धूर नळीवाटे घराबाहेर सोडला जातो.

कार्यपद्धती

नळ उघडल्यावर पाण्याच्या दाबाने गिझरमधील रबरी पडदा (डायफ्राम) सरकतो व सूक्ष्म स्विच दाबला जातो. सेलच्या विजेवर ठिणगी पडते, वायूची झडप उघडते व बर्नर पेटतो. सामान्यतः १.५ व्होल्टचे दोन सेल वापरले जातात. ज्योतीवरील तांब्याच्या नळ्यांच्या जाळ्यातून, म्हणजे उष्णता विनिमयकातून, वाहताना पाणी तापते. ज्योत विझल्यास संवेदक सळई ते ओळखून वायू बंद करते.

मिनिटाला ६ लिटर क्षमतेचा गिझर त्या प्रवाहात पाण्याचे तापमान साधारण २५ अंश सेल्सिअसने वाढवितो. टाकीतील पाणी १५ अंशांचे असेल तर ते ४० अंशांचे होते. प्रवाह निम्मा केल्यास तापमानातील वाढ जवळपास दुप्पट होते.

तक्रारींचे निदान

ठिणगीचा टकटक आवाज येत नाही: सेल उतरलेले असतात किंवा पाण्याचा दाब अपुरा असतो. शॉवरऐवजी बादलीच्या नळावर गिझर पेटत असल्यास दोष दाबाचा किंवा शॉवरच्या तुंबलेल्या छिद्रांचा असतो. दर १ मीटर उंचीमागे पाण्याचा दाब सुमारे ०.१ बार असतो. त्यामुळे गच्चीवरील टाकीच्या लगेच खाली असलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर ही तक्रार अधिक आढळते. टाकी उंच चौथऱ्यावर ठेवणे किंवा दाब वाढविणारा पंप बसविणे हे त्यावरील उपाय आहेत. पाणी आत येण्याच्या जोडावरील जाळीत गाळ अडकल्यासही हेच लक्षण दिसते.

ठिणगी पडते, पण ज्योत पेटत नाही: सिलिंडर संपलेला किंवा रेग्युलेटर बंद असू शकतो. नवा सिलिंडर जोडल्यावर नळीतील हवा निघून जाईपर्यंत पहिले एकदोन प्रयत्न फसतात. त्याच सिलिंडरवरील शेगडी नीट पेटत असेल तर दोष गिझरमध्ये किंवा त्याच्या नळीत असतो. शेगडीची ज्योतही मंद असेल तर तो सिलिंडर वा रेग्युलेटरमध्ये असतो. वायूचा वास येत असल्यास पुढील कोणताही प्रयत्न न करता रेग्युलेटर बंद करावा लागतो.

पाणी कोमट येते: थंडीत सिलिंडरमधील द्रवाचे वायूत रूपांतर मंदावते, विशेषतः सिलिंडर संपत आलेला असताना. आत येणारे पाणीही उन्हाळ्यापेक्षा अधिक थंड असते. वायूची कळ वाढविणे व प्रवाह कमी करणे एवढ्याने बहुधा फरक पडतो. घरगुती गिझर सुमारे ३० मिलिबार दाबासाठी बनविलेला असतो. ज्योत मोठी व्हावी म्हणून व्यावसायिक वापराचा उच्च दाबाचा रेग्युलेटर जोडणे धोकादायक आहे.

ज्योत मध्येच विझते: संवेदक सळईवर काजळी साचली असेल, दाब कमीजास्त होत असेल किंवा सेल कमजोर असतील तर असे घडते. अनेक गिझर सुमारे २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. ती सुरक्षेची सोय असते.

सिन्नर परिसर व जड पाणी

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हे नाशिक–पुणे महामार्गावरील तालुक्याचे गाव दख्खनच्या पठारावर आहे. जिल्ह्यात हिवाळ्यात किमान तापमान १० अंशांखाली जाते. गावालगत मुसळगाव व माळेगाव येथे औद्योगिक वसाहती आहेत. पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या घरांत गिझरचा वापर दिवसातील सर्वांत थंड वेळी होतो व तेव्हा दारे-खिडक्या बंद असतात.

तालुक्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण आहे. जेथे विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी वापरले जाते, तेथे बेसाल्ट खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मिसळतात. असे जड (दुष्फेन) पाणी तापल्यावर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर नळ्यांच्या आत बसतो. तो उष्णतेला अडवितो व मार्ग अरुंद करतो. त्यामुळे ज्योत पूर्ण असूनही पाणी कोमट येते, प्रवाह हळूहळू घटतो आणि नळ्यांतून उकळल्यासारखा आवाज येऊ लागतो. सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने हा थर विरघळतो. पाणी अतिशय गरम न करता मध्यम ठेवल्यास तो सावकाश बसतो.

हवा व कार्बन मोनॉक्साइड

१ किलो एलपीजी पूर्ण जळण्यास सुमारे १३ घनमीटर हवा लागते. ६ लिटर क्षमतेचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे १ किलो वायू जाळतो, म्हणजे १५ मिनिटांच्या स्नानात त्याला ३ घनमीटरांहून अधिक हवा लागते. लहान स्नानगृहात एकूण हवाच सुमारे ५ घनमीटर असते. ऑक्सिजन कमी होऊ लागला की ज्वलन अपूर्ण राहते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग किंवा वास नसतो. एलपीजीला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, परंतु तो ज्वलनातून निर्माण झालेल्या कार्बन मोनॉक्साइडची सूचना देत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी हा वायू ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ व अशक्तपणा ही आरंभीची लक्षणे असून त्यानंतर शुद्ध हरपते. भारतीय वैद्यकीय लेखनात या प्रकारास ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नाव आहे. स्नानगृहात कोसळलेल्या व्यक्तीस फेफरे किंवा हृदयविकाराचा झटका आला असा समज होऊ शकतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही अशा वेळी ऑक्सिजनचे प्रमाण फसवे सामान्य दाखवू शकतो. म्हणून गिझर सुरू होता ही माहिती डॉक्टरांना देणे महत्त्वाचे ठरते.

निळी व स्थिर ज्योत पूर्ण ज्वलनाची खूण आहे. पिवळी ज्योत, भांड्यावर किंवा भिंतीवर काजळी आणि स्नानानंतर वारंवार डोके दुखणे ही दुर्लक्ष न करण्याजोगी लक्षणे आहेत. अशा वेळी पाणी उत्तम तापत असले तरी गिझर बंद ठेवणे आवश्यक असते.

सुरक्षा व देखभाल

भारतात अशा लहान गिझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. गिझर स्नानगृहाबाहेर, बाल्कनीसारख्या मोकळ्या जागी बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत आणणे ही सर्वांत सुरक्षित रचना होय. आधीच आत बसविलेला गिझर बाहेर हलवेपर्यंत बादल्या भरून, गिझर बंद करून व दार काही वेळ उघडे ठेवून मगच स्नान करणे हा तात्पुरता मार्ग आहे.

सेल बदलणे, जाळी व शॉवर साफ करणे ही कामे घरी करता येतात. वायूची झडप, बर्नर व उष्णता विनिमयक यांची दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी लागते. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा देशव्यापी आपत्कालीन क्रमांक असून महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. बेशुद्ध व्यक्तीस प्रथम मोकळ्या हवेत आणणे आणि त्यासाठी आत जाणाऱ्याने आधी दारे-खिडक्या उघडणे आवश्यक असते.