वेली गुलाब का रुसतो?

वाचकहो, गिरगावातल्या खोताच्या वाडीत तुम्ही कधी गेला असाल, तर तिथली कौलारू घरे, लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या आणि बाहेरून वर चढणारे जिने तुम्हाला आठवत असतील. अशाच एका घरी एका आंटींच्या गॅलरीत वेली गुलाब होता. त्यांच्या यजमानांनी हयातीत हौसेने लावलेला. वेल छपरापर्यंत गेली, पण तीन वर्षांत फूल म्हणून धरले नाही. "मास्तर, हिला काढूनच टाकते आता," असे आंटी म्हणाल्या, तेव्हा मी मनातून ओशाळलो. कारण दर दिवाळीनंतर त्या वेलीची छाटणी करणारा मीच होतो. कुंडीतला झुडपी गुलाब छाटावा, तशी मी ती गुडघ्याइतकी ठेवून छाटत असे!

माझे चुकले कुठे, हे कळायला या वेलीचे कुळ पाहिले पाहिजे.

खरे म्हणजे वेली गुलाब ही वेलच नव्हे. काकडीसारखे ताणे त्याला नसतात. लांब फांद्या काट्यांच्या आकड्यांनी शेजारच्या झाडात अडकवून तो वर जातो; आपल्या अंगणात त्याला बांधावेच लागते. रानातले असे बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच बहरतात, आणि तेही बहुधा गेल्या वर्षीच्या फांदीवर. उलट चीनमधल्या बागांत जुन्या काळापासून असलेला गुलाब ठेंगणा, पण जवळजवळ बारमाही फुलणारा. रानगुलाबात फुलण्याला आवर घालणारा एक जनुक असतो. चिनी गुलाबात त्या जनुकात आनुवंशिक द्रव्याचा एक परका तुकडा शिरून बसला आणि आवर सुटला, असे शास्त्रज्ञांनी 2012 साली दाखवून दिले. गंमत अशी, की अशाच एका झुडपी गुलाबातून निपजलेल्या वेलीत त्या तुकड्याचा बराचसा भाग निघून गेलेला आढळला. आवर परत आला, फांद्या लांबल्या, पण बारमाही बहर गेला!

उंचीही हवी आणि बहरही हवा, ही माणसाची हाव जुनीच. अमेरिकेत डॉ. वॉल्टर व्हॅन फ्लीट नावाचे गृहस्थ वैद्यकी सोडून झाडांच्या संकराकडे वळले. त्यांनी पूर्व आशियातला, जमिनीवर सरपटणारा, चकचकीत पानांचा विचुराना गुलाब घेतला. त्याचा 'सफ्रानो' या टी गुलाबाशी संकर केला आणि त्या संततीचा पुन्हा एका मोठ्या फुलाच्या फ्रेंच गुलाबाशी. त्यातून निघालेली फिकट गुलाबी फुलांची जोमदार वेल 1910 साली त्यांच्याच नावाने बाजारात आली. पण ती वर्षातून एकदाच फुले. पुढे न्यू जर्सीतल्या एका रोपवाटिकेत त्याच वेलीचे एक रोप बहर संपला तरी फुलतच राहिले. वाढ किंचित कमी, बहर मात्र पुन्हा पुन्हा. हाच तो 'न्यू डॉन'. 18 ऑगस्ट 1931 रोजी अमेरिकेने वनस्पतीला दिलेले पहिले पेटंट या गुलाबाला मिळाले, आणि 1997 साली जगभरच्या गुलाबप्रेमी संस्थांच्या महासंघाने त्याला आपल्या मानाच्या यादीत बसविले. डोळा भरून वाढविल्यामुळे मूळ रोपाचा गुण पुढच्या रोपांत तसाच उतरत गेला.

तेव्हा वेली गुलाबात वाढ आणि बहर यांची ओढाताण चाललेली असते. आपण फांदी मुळाशी छाटली, की झाड सगळा जोर पुन्हा वाढीलाच लावते. नाशिककडच्या द्राक्षबागाइतदाराला हे नवे नाही. ऑक्टोबरच्या छाटणीत तो पक्व काडी पाहून, डोळे मोजून कात्री चालवतो. सरसकट काडी उडवली तर घड कुठून येणार?

मग करावे काय? पावसाळा सरल्यावर वाळलेल्या, रोगट आणि फार जुन्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. डोळा भरलेल्या जागेच्या खालून, म्हणजे खुंटापासून, आलेले फुटवे लगेच मोडावेत. नाहीतर खुंटच वेलीवर कुरघोडी करतो. आणि लांब, निरोगी फांद्या न तोडता आडव्या वाकवून बांधाव्यात. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. फांदी आडवी झाली की तो दाब सैल होतो, डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात आणि त्यांवर कळ्या धरतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या कुंपणावर हा प्रयोग सहज होईल. एक फांदी उभी ठेवा, तेवढीच दुसरी आडवी बांधा आणि मुलांना फुटवे मोजायला सांगा. फळ्यावरच्या धड्यापेक्षा तो धडा जास्त लक्षात राहील.

आंटींची वेल आम्ही त्या वर्षी छाटली नाही. कठड्याच्या कडेने सुतळीने आडवी बांधली. पुढच्या बहराला कठडा गुलाबी झाला. आंटींनी पहिले फूल यजमानांच्या तसबिरीपुढे ठेवले आणि दुसरे मला दिले. माझी कात्री मात्र त्यांनी अजून परत केलेली नाही!