मिक्सर चालला अमेरिकेला!

ऑनसाइटचं लेटर आलं? अभिनंदन! आता घरात बॅग भरो आंदोलन सुरू होणार. गोडा मसाला, भाजणी, लोणचं... आणि शेवटी आईचा हुकमी एक्का, "मिक्सर पण घेऊन जा, तिकडे चटणी कशात वाटणार?" प्रश्न प्रेमाचा आहे, पण २३ किलोंच्या बॅगेतले चार-पाच किलो त्यात जातात. म्हणूनच थोडा गृहपाठ!

लेबल वाचा, बॉस!

आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज येते. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. एअरपोर्टवर मिळणारा पिन बदलायचा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे आधी डोक्यात फिट करा. मग प्रत्येक वस्तू उलटी करून लेबल बघा. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं लिहिलंय? मग नो टेन्शन! लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर बहुधा याच गटात येतात.

इस्त्रीचं गणित मात्र बिघडतं. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता साधारण पावपट होते. इथली १००० वॉटची इस्त्री तिकडे जेमतेम २७० वॉटची! सोमवारच्या मीटिंगचा शर्ट चुरगळलेलाच राहणार.

आता मिक्सर

माझी मावसबहीण न्यू जर्सीला निघाली, तेव्हा मी सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियन काकांना गाठलं. ते म्हणाले, "मिक्सरच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, तिला हर्ट्झचं फारसं पडलेलं नसतं. पण व्होल्टेज निम्मं मिळालं तर खोबरं कसलं वाटतेय ती!"

म्हणजे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आला. सुरू होताना मोटर जास्त करंट खेचते, म्हणून ७५० वॉटच्या मिक्सरसाठी काकांनी १५०० वॉटचा सांगितला. तो स्वतःच काही किलोंचा! हलके, स्वस्त कन्व्हर्टर बहुतेक फक्त हीटरसारख्या वस्तूंसाठी असतात. त्यावर मोटर चालवाल तर मिक्सर जळेलच, भाड्याच्या घरात आगीचा धोका वेगळा.

आणि ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. इडलीच्या पिठाचा टेबलटॉप ग्राइंडर इंडक्शन मोटरचा असेल, तर तो ६० हर्ट्झवर सुमारे २० टक्के जोरात पळतो आणि तापू शकतो.

जपानी भाषा शिकून तिकडे निघालेल्यांसाठी आणखी गंमत. तिथे व्होल्टेज सगळीकडे १००, पण टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०! १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन. तो फरक आजही कायम आहे.

निघण्यापूर्वी

- चार्जर, ट्रिमर : लेबल बघून खुशाल न्या.
- इस्त्री, केटल, हेअर ड्रायर : तिकडेच घ्या.
- मिक्सर : काही भारतीय कंपन्या खास ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात. तोच घ्या.
- परत येताना : फक्त १२० व्होल्टचा हेअर ड्रायर इथल्या सॉकेटला लावू नका. साडेतीनपटीहून जास्त पॉवर खेचून क्षणात धूर काढेल!

वाचलेल्या किलोंत काय भरायचं, ते आईला विचारा. तिची यादी तयारच असेल.