पाडण्याची ताकद आहे, निवडून आणण्याची कधी?

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. वरळीत आदित्य ठाकरे यांना ६३,३२४ तर मिलिंद देवरा यांना ५४,५२३ मते पडली. फरक अवघा ८,८०१. २०१९ मध्ये हाच फरक ६७,४२७ होता. १२१ चाळींच्या आमच्या बीडीडी वस्तीला या आकड्यांचा अर्थ चांगला कळतो. एवढ्या थोड्या मतांवर निकाल लागतो तिथे आमची एकगठ्ठा मते कुणालाही पाडू शकतात. मग आमचा माणूस विधानसभेत का जात नाही?

पाडण्याची ताकद आम्ही पूर्वीच दाखवली आहे. जानेवारी १९७४ मध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुकीत दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली. ५ तारखेला वरळीतल्या सभेवर दगडफेक झाली, दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. रक्त आमचे सांडले, खुर्ची मात्र दुसऱ्यांना मिळाली!

बाबासाहेबांनी शिकवलेला मार्ग वेगळा होता. १९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ ला मुंबई कायदेमंडळात निवडून गेले आणि त्याच वर्षी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. सत्तेचा उपयोग कशासाठी करायचा, याचा हा धडा होता.

१९९८ ला रिपब्लिकन नेते एकत्र आले, समझोता केला आणि प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, जोगेंद्र कवाडे, रा. सू. गवई हे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. पुढे पुन्हा गट पडले. २०१९ च्या विधानसभेत वंचित बहुजन आघाडीला सुमारे २५ लाख मते मिळाली, पण आमदार एकही नाही. २०२४ लाही भोपळाच!

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणसे ५०० फुटांच्या घरात गेली, याचा आम्हाला आनंद आहे. पण घर हा आमचा हक्क आहे, मताची किंमत नव्हे.

बांधवांनो, चाळी पडतील, टॉवर उभे राहतील, शेजार विखुरला जाईल. त्याबरोबर आमचे मतही विखुरले, तर उद्या पाडण्याची ताकदही उरणार नाही. नेत्यांनी ऐक्य करावे म्हणून वाट पाहण्यापेक्षा वस्तीवस्तीतून त्यांना जाब विचारू या. जयभीम!