जुना वायफाय स्विच रुसतो का?

पालकहो, आजीसाठी रात्रीचा दिवा आपोआप लागावा म्हणून लावलेला वायफाय स्विच नवा राऊटर आला की कधीकधी रुसून बसतो, आणि आजी अंधारात चाचपडत उठते! लगेच फेकू नका. बरेच जुने स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पकडतात. ५ गिगाहर्ट्झच्या त्यांना ऐकूच येत नाहीत. नवे राऊटर बहुधा दोन्हींना एकच नाव देतात, तिथे जोडताना घोळ होतो. (वर्गात दोन मुलांचं नाव सारखं असलं की हजेरीत होतो तसाच!) सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला वेगळं नाव द्या, स्विच त्यालाच जोडा.

तरीही आतून नुसती टकटक येत असेल, तर कपॅसिटर सुकलेला असू शकतो. स्वतः उघडू नका, तिथे २३० व्होल्ट असतात. वायरमनकडून स्विच बदलून घ्या. तोवर आजीच्या उशाशी बॅटरी ठेवा.