कंपनीचा पत्रा

सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावरून आत वळलेल्या गल्लीत पत्र्याचं कुंपण आहे आणि कुंपणाच्या आत गाड्यांवर गाड्या रचल्या आहेत. खाली ओम्नीचा सांगाडा, त्याच्यावर इंडिका, तिच्यावर चाकं काढलेली झेन. डाव्या हाताला दारं उभी करून ठेवली आहेत, उजवीकडे बॉनेटची थप्पी आणि मागच्या भिंतीला हेडलाइटचे ढीग. ऊन अजून कोवळं आहे, पण पत्रा तापायला लागला आहे आणि जुन्या ऑइलचा वास सगळीकडे भरून राहिला आहे.

आम्हाला हवं आहे मारुती 800 चं डाव्या बाजूचं पुढचं फेंडर. गाडी माझ्या थोरल्या मामांची. मामा निवृत्त शिक्षक, राहायला मेढ्याला. साताऱ्याहून मिस्त्री मुद्दाम आमच्याबरोबर आले आहेत, कारण फेंडर निवडायचं काम ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. ते मामांना ‘गुरुजी’ म्हणतात, मामा त्यांना ‘मिस्त्री’. दोघांच्या ओळखीला गाडीइतकीच वर्षं झालीत.

गाडी 2011 ची आहे. एप्रिल 2010 मध्ये भारत स्टेज 4 चे नियम देशातल्या तेरा शहरांत आधी लागू झाले. त्यांत पुणं होतं, सोलापूरही होतं, आणि त्या शहरांत 800 ची विक्री थांबली. सातारा त्या यादीत नव्हतं, म्हणून मामांना ती घेता आली. पुढे 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादनच बंद झालं. आता मामांच्या गाडीची नोंदणीची 15 वर्षं भरत आली आहेत. पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची तर गाडी आरटीओत तपासणीला उभी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि नूतनीकरणाचं शुल्क, जे पूर्वी 600 रुपये होतं, ते 2022 पासून 5,000 झालं आहे. इंजिन ठणठणीत आहे, ब्रेक नवे आहेत. फक्त डाव्या चाकामागचं फेंडर खालून इतकं कुजलं आहे की बोट लावलं तर पापुद्रा हातात येतो.

‘‘या गुरुजी,’’ यार्डाचे चाचा खुर्चीतून उठतात. ‘‘चहा सांगू का आधी?’’

‘‘आधी माल दाखवा चाचा,’’ मिस्त्री म्हणतात. ‘‘आठशेचं डावं फेंडर. नव्या तोंडाचं.’’

हे ‘नव्या तोंडाचं’ सांगावंच लागतं. 800 डिसेंबर 1983 मध्ये आली, 1986 मध्ये तिचा आकारच बदलला, आणि नंतर समोरचे दिवेही बदलले. दिवे बदलले म्हणजे फेंडरचा पुढचा कोपरा बदलला. जुन्या तोंडाचं फेंडर नव्या गाडीला लावायला गेलं की हेडलाइटपाशी फट राहते आणि मग ती लपवण्यासाठी ठोकाठोक सुरू होते.

चाचा भिंतीकडून एक पांढरं फेंडर उचलून आणतात. मामांचा चेहरा खुलतो, कारण त्यांची गाडीही पांढरीच आहे. मिस्त्री मात्र रंगाकडे बघतही नाहीत. ते फेंडर उलटं करतात आणि खालच्या कडेला, जिथे पत्रा आत दुमडलेला असतो, तिथे नख घालतात. नखाबरोबर पिवळसर, पिठासारखी बारीक माती निघते.

‘‘पाण्यातली हाय,’’ चाचा स्वतःच सांगतात. ‘‘एकोणीसची. तुमच्यापासनं काय लपवायचं?’’

ऑगस्ट 2019 मध्ये इथे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. त्या पुलावर 45 फूट ही धोक्याची पातळी धरतात. 2021 च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा 55 फुटांच्या आसपास आलं. दोन्ही वेळा पार्किंगमध्ये, अंगणात, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते, मालकाला रक्कम मिळते आणि उरलेली गाडी लिलावात निघते. तिथून ती अशा यार्डात येते. वरून बघाल तर तिला पोचासुद्धा नसतो, रंगही चकचकीत. पण पुराचं पाणी गढूळ असतं, ते पत्र्याच्या प्रत्येक घडीत शिरतं आणि ओसरताना गाळ मागे ठेवून जातं. तो गाळ पावसाळा आला की ओल धरतो आणि पत्रा आतून खायला लागतो. वरचा रंग फुगेपर्यंत आतलं काम झालेलं असतं.

म्हणून सांगलीत माल घेताना गाडी पाण्यातली की ठोकलेली, हा पहिला प्रश्न. मला वाटायचं ठोकलेली गाडी वाईट. मिस्त्री उलटं सांगतात. ठोकर एका जागी बसते, बाकीची गाडी तशीच राहते. मागून मार खाल्लेल्या गाडीचं तोंड बहुतेक वेळा शाबूत सापडतं. पाणी मात्र काहीच सोडत नाही.

‘‘मागनं बसलेली एक हाय,’’ चाचा आत बोट दाखवतात. ‘‘सिल्वर.’’

यार्डाच्या टोकाला ती उभी आहे. मागची काच नाही, डिकी मागच्या सीटपर्यंत आत गेली आहे. पुढून बघितलं तर आताच कुणीतरी लावून गेल्यासारखी. मिस्त्री बॉनेट उघडतात आणि आधी फेंडरच्या बोल्टांची डोकी बघतात. ती चंदेरी आहेत, गाडीच्याच रंगाची, आणि त्यांच्या कोपऱ्यांवरचा रंग कुठेही उडालेला नाही. कारखान्यात फेंडर बसवूनच गाडी रंगात जाते, म्हणून बोल्टांवरही रंग चढतो. एकदा पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग निघतोच. या बोल्टांना पाना कधी लागलेलाच नाही.

मग खिशातलं छोटं लोहचुंबक निघतं. स्पीकरमधलं काढलेलं, त्याला चिकटपट्टी गुंडाळली आहे, रंगावर ओरखडा येऊ नये म्हणून. ते चाकाच्या कमानीवरून, हेडलाइटच्या कडेने, दाराजवळच्या पट्टीवरून फिरतं. जिथे आत जाड लांबी भरलेली असते तिथे चुंबक ढिलं पडतं. इथे ते शेवटपर्यंत घट्ट राहतं. मग बोटाच्या पेराने टकटक. आवाज सगळीकडे सारखा, मोकळा. शेवटी मिस्त्री चक्क जमिनीवर आडवे होतात, मोबाइलची बत्ती चाकामागे धरतात आणि खालची घडी बघतात. वाळकी माती आहे, पण ती रस्त्याची, खडेवाली. गाळ नाही.

‘‘गुरुजी, ह्यो कंपनीचा पत्रा,’’ ते उठून कपडे झटकतात. ‘‘ह्याला हात लागल्याला न्हाई कुणाचा.’’

‘कंपनीचा पत्रा’ हे शब्द ते आदराने उच्चारतात. बाजारात डुप्लिकेट नवं फेंडर मिळतं, पण त्याचं एक भोक जुळलं की दुसरं सरकलेलं असतं, आणि भोकं कानसून मोठी केली की बॉनेटची फट सरळ राहत नाही. मुळात हा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. त्याचा आकार टिकतो तो जाडीवर नाही, साच्याने दिलेल्या घडीवर. ती घडी जिथे नेमकी आहे तिथे फेंडर बोल्टांवर आपसूक बसतं. जुन्या गाडीचा निघालेला भाग म्हणजे गरिबाची सोय, असं आपण सहज धरून चालतो. मी इथे उभा राहून बघतो आहे ते वेगळं आहे. हा माणूस नव्या डुप्लिकेटला नकार देऊन चौदा-पंधरा वर्षं जुना पत्रा निवडतो आहे, कारण तो सरस आहे, आणि सरस आहे हे त्याला दाखवून देता येतं.

मामा कागदपत्रांचं विचारतात. शिक्षकी पेशा जात नाही. चाचा वही काढतात. गाडी मोडीत काढायची तर मालकाला आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते आणि चॅसी नंबरचा तुकडा कापून जमा करावा लागतो. या गाडीचा तो तुकडा कापलेला आहे. मिस्त्री वाकून कापलेली जागा बघतात. मग मामा पावती मागतात आणि चाचा ती न कुरकुरता लिहून देतात. चोरीच्या गाड्या सुट्या भागांतूनच नाहीशा होतात. त्यामुळे अशा ठिकाणी पावती मागणं हा अविश्वास नव्हे, ती दोन्ही बाजूंची राखण आहे.

भाव बाराशेपासून सुरू होतो आणि चहा येईपर्यंत नऊशेवर थांबतो.

एक पोरगा दहाचा टी-पाना घेऊन येतो. बॉनेटखालची बोल्टांची रांग, दार उघडल्यावर बिजागरीपाशी दिसणारा बोल्ट, खाली रनिंग बोर्डाजवळचा, आणि बंपर सैल केल्यावर समोरचा. प्रत्येकावर आधी तेलाची धार. खालचा बोल्ट हट्टाला पेटतो. पोरगा जोर लावणार, तेवढ्यात मिस्त्री त्याचा हात धरतात. ‘‘थांब लेकरा. मुरू दे तेल. तुटला तर नट आत फिरत बसंल.’’ चहा संपतो, बोल्ट निघतो. वरच्या कडेला कारखान्यातला सीलंट चिकटलेला आहे, तो सुरीने कापतात. ओढून काढायचं नाही. ओढलं की पत्र्याला लाट येते आणि ती लाट पुन्हा जात नाही.

फेंडर गोधडीत गुंडाळून मामांच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं जातं, आणि मी त्याच्या शेजारी. आष्टा, पेठ नाका, कराड, तासवड्याचा टोल. उसाच्या ट्रॉल्या ओलांडताना मामा गाडी जरा जास्तच जपून चालवतात.

साताऱ्यात गोडोलीला मिस्त्रींचं गॅरेज आहे. आपल्या आधी वडील हे काम करत, असं ते सांगतात. वडील साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये पत्र्याच्या कामाला होते. 1975 साली निघालेल्या या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत. त्या स्कूटरचं अंग पत्र्याचंच होतं, आणि तिथे शिकलेला हात घरात उतरला असावा.

जुनं फेंडर निघतं तेव्हा आतून मातीचं ढेकूळ खाली पडतं. चांगलं दोन मुठींएवढं. चाकाने उडवलेला चिखल फेंडरच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तिथे ऊन नाही, वारा नाही. मेढ्यासारख्या गावात पावसाळ्याचे चार महिने तो वाळतच नाही. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि ओली माती दोन्ही पुरवते. मामा ते ढेकूळ काठीने फोडून बघत राहतात.

आतल्या पत्र्यावर, ज्याला इथे एप्रन म्हणतात, गंजाचे डाग आहेत. मला ते भयंकर वाटतात. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक डागावर दाबून बघतात. टोक कुठेच आत जात नाही. ‘‘वरवरचं हाय.’’ तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, पुसून कोरडं, मग प्रायमर, आणि तो वाळल्यावर काळा, डांबरासारखा अंडरकोट. नव्या फेंडरची आतली बाजूही तशीच रंगवतात. हे सगळं नंतर कुणाला दिसणार नाही. या कामाला त्यांनी दिलेला वेळ बाहेरच्या रंगापेक्षा जास्त आहे, आणि मला विचाराल तर मिस्त्रीची पारख करायची जागा हीच. बाहेरून चकाकी कुणीही आणतं.

बसवताना सगळे बोल्ट आधी नुसते अडकवतात. मग बॉनेट खाली घ्यायचं आणि फट बघायची. मागे ती निमुळती होते आहे. बॉनेट वर, फेंडर केसभर बाहेर, पुन्हा खाली. मग दार अलगद उघडायचं. फेंडर मागे सरकलेलं असेल तर दाराची कड त्याला घासते. मिस्त्री दोघांच्या मधे पोस्टकार्ड घालून वरपासून खालपर्यंत ओढतात. मधे एका ठिकाणी ते अडतं. पुन्हा सैल, पुन्हा बघणं. घाई कुणालाच नाही. मामाही आता बोलायचे थांबले आहेत आणि फटीकडेच बघत आहेत. कार्ड खालपर्यंत सरकतं, आणि मग एकेक बोल्ट आळीपाळीने आवळला जातो.

रंगाचं काम पुढच्या आठवड्यात. चंदेरी रंग खरवडून काढत नाहीत, कारण कारखान्यातला थर पत्र्याला घट्ट धरून आहे; तो फक्त घासून खरखरीत करतात, म्हणजे वरचा थर पकडेल. दोन बारीक खळग्यांत लांबीचा पातळ हात, सरफेसर, मग पाणी लावत वॉटर पेपर. कंपनीच्या कागदावर मामांच्या गाडीचा रंग ‘सुपीरियर व्हाईट’ आहे. पण पंधरा उन्हाळ्यांनी तो दुधाळ पिवळा केला आहे. नुसता नंबर सांगून आणलेला पांढरा डब्यात निळसर दिसतो. मिस्त्री त्यात पिवळ्याचे आणि काळ्याचे थेंब टाकतात, पट्टीवर मारतात, वाळू देतात, ती पट्टी दारावर धरून उन्हात नेतात आणि मग सावलीत. उन्हात जुळलेला रंग सावलीत फुटतो, असं ते म्हणतात, आणि पट्टी सावलीत धरल्यावर मला ते स्पष्ट दिसतं. तिसरी पट्टी दारावर हरवून जाते.

गन सुरू होते. कॉम्प्रेसरचा खडखडाट, थिनरचा उग्र वास, मिस्त्रींच्या तोंडाला मास्क. हात मनगटातून वळत नाही, सगळा हात फेंडरला समांतर जातो आणि परत येतो.

‘‘महिनाभर पॉलिश लावू नका,’’ मास्क काढून ते मामांना सांगतात. ‘‘साध्या पाण्यानं धुवा. आनी हिकडं या जरा.’’

ते डावं दार उघडतात आणि खालच्या कडेवरची बारीक भोकं दाखवतात. काचेवरून आत गेलेलं पावसाचं पाणी या भोकांतून बाहेर पडतं. दोन भोकं मातीने बुजलेली आहेत. सायकलच्या स्पोकने मिस्त्री ती मोकळी करतात. आतून थोडं तांबूस पाणी गळतं.

‘‘दर मे महिन्यात ही चारी दारांची भोकं साफ करायची, गुरुजी. आनी चाकामागं पाइप धरून माती काढायची. फेंडर मिळालं, दार न्हाई मिळायचं असं.’’

मामा खिशातून डायरी काढतात आणि लिहून घेतात. मग स्पोक मागून घेतात आणि उजव्या दाराकडे वळतात.