खडबडीत सुरांतील प्रार्थना

ज्या वाद्यवृंदाच्या पहिल्याच अल्बमच्या वीस लाखांवर प्रती खपल्या, ज्याच्या तीन अल्बमना ग्रॅमी पारितोषिके लाभली आणि ज्याच्या सुबक, सुस्वर रचनांना अमेरिकेतील ख्रिस्ती नभोवाणी केंद्रांनी वर्षानुवर्षे बिनतक्रार आश्रय दिला, त्याने ऐन कीर्तीच्या काळात हा सारा सुबकपणा बाजूस सारून खरखरीत, धारदार आणि जागोजागी ओबडधोबड वाटणाऱ्या स्वरांची वाट धरावी, ही गोष्ट संगीताच्या व्यापारात सहसा घडत नाही. 'जार्स ऑफ क्ले' या अमेरिकन ख्रिस्ती रॉक वाद्यवृंदाने सप्टेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला 'गुड मॉन्स्टर्स' हा अल्बम या अपवादाचा उत्तम दाखला आहे.

इलिनॉय संस्थानातील ग्रीनव्हिल या लहानशा गावच्या ख्रिस्ती महाविद्यालयात १९९३ च्या सुमारास काही विद्यार्थी एकत्र आले आणि संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील मातीच्या भांड्यांवरून त्यांनी आपल्या मेळाचे नाव ठेवले. डॅन हेझल्टाइन, चार्ली लॉवेल, स्टीव्हन मेसन आणि मॅट ओडमार्क हे या वृंदाचे चार आधारस्तंभ. १९९५ च्या पहिल्या अल्बमच्या वेळी त्यांच्यापाशी कायमचा ड्रमवादक नव्हता. त्यामुळे यंत्रावर बेतलेले ताल, त्यांवर अकूस्टिक गिटारींची मृदू वीण आणि मागे व्हायोलिनवर्गीय वाद्यांचा हलका पडदा, अशी त्यांची शैली सिद्ध झाली. त्यातील 'फ्लड' हे गीत, ज्याच्या निर्मितीची जबाबदारी एड्रियन बेल्यू या नामांकित गिटारवादकाने उचलली होती, चर्चच्या आवाराबाहेर पडून सर्वसामान्य रॉक केंद्रांवरही वाजू लागले.

येथे ख्रिस्ती रॉकची थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात, केस वाढवलेल्या आणि रूढ समाजाशी फारकत घेतलेल्या तरुणांत, 'जीझस मूव्हमेंट' नावाची धर्मजागृतीची लाट उसळली. तीतून आलेल्या लॅरी नॉर्मनचा १९६९ चा 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम या प्रकाराचा आरंभ मानला जातो. ते संगीत बंडखोर होते आणि अनेक धर्मोपदेशकांना ते मुळीच मानवले नाही. पुढे मात्र नॅशव्हिल शहरात त्याच्याभोवती कंपन्या, पारितोषिके आणि नभोवाणी केंद्रे यांचा एक स्वतंत्र व्यवहार उभा राहिला आणि कुटुंबाने मोटारीत बसून निर्धास्तपणे ऐकावे असे प्रसन्न, आश्वासक गीत हाच तेथला दस्तूर बनला. माझ्या मते यात श्रद्धेची मोठी हानी झाली. कारण ज्या गीतात शंकेला, संतापाला आणि एकटेपणाला प्रवेशच नाही, ते गीत दुःखी माणसाच्या हाती पडले तर तो आपल्या दुःखाचीच लाज बाळगू लागतो.

अशा सुबकपणाला तंत्राचीही साथ असते. आधुनिक ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य निरनिराळ्या वेळी, कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्याच्या आधाराने नोंदवता येते, घसरलेला स्वर संगणकावर सरळ करता येतो आणि आवाजातील चढउतार दाबून सपाट करता येतात. 'गुड मॉन्स्टर्स' घडवताना 'जार्स ऑफ क्ले'ने मात्र भर दिला तो सर्वांनी एकत्र उभे राहून वाजवण्यावर. विजेच्या गिटारींचा फाटका, घासलेला नाद येथे अग्रभागी येतो, ड्रमवर हाताचे वजन जाणवते, आणि हेझल्टाइनचा एरवी मवाळ भासणारा आवाज काही ठिकाणी ताणून तुटण्याच्या बेतास येतो. आरंभीचे 'वर्क' हे गीत एकटेपणाच्या भीतीविषयी आहे, आणि ती भीती धावत्या लयीत आल्यामुळे ऐकणाऱ्याला सावरायला सवड मिळत नाही.

परंतु या अल्बमचे हृदय 'ओह माय गॉड' या सुमारे सहा मिनिटांच्या गीतात आहे. हा उद्गार पाश्चात्त्यांच्या तोंडी इतका रुळला आहे की त्यातील ईश्वराचे नाव कोणाच्या लक्षातही येत नाही. गीतकार मात्र तो नाना प्रकारच्या माणसांच्या मुखी घालून त्यातील विसरलेली प्रार्थना पुन्हा जागी करतो. मंद, जवळजवळ कुजबुजता आरंभ, मग एकेक वाद्याची भर, आणि अखेरीस आक्रोशाच्या सीमेवर पोहोचलेला गजर, अशी त्याची बांधणी आहे. बायबलातील स्तोत्रसंहिता ज्यांनी वाचली आहे त्यांना या आक्रोशात काही अपरिचित वाटणार नाही. त्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीची टाकून दिल्याची हाक येशूने क्रुसावर उच्चारली, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर कोणतेही सांत्वन न मिळताच अंधारात संपते. ज्या परंपरेच्या मूळ ग्रंथात असा विलाप मान्य आहे, तिच्या आजच्या गायनात त्याला मज्जाव का असावा?

श्रद्धेला स्वतःच्या मातीचा व काळाचा सूर हवा, ही तळमळ मराठी ख्रिस्ती मंडळींना नवी नाही. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात राहून रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी परकीय चालींवरच्या भाषांतरित गीतांशेजारी भजने आणि अभंग आणून ठेवले, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. 'जार्स ऑफ क्ले'नेही आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, 'रिडेम्प्शन साँग्ज' या अल्बममध्ये जुन्या उपासनागीतांना नव्या चाली चढवल्या होत्या. त्या जुन्या शब्दांच्या सहवासाने त्यांना पुढच्या स्पष्टवक्तेपणाचे बळ दिले असावे, असे मला वाटते.

अन्य गीतांपैकी 'ऑल माय टिअर्स' ही ज्यूली मिलर यांची रचना. मार्क हर्ड या ख्रिस्ती गायकाच्या १९९२ मधील अकाली निधनानंतर त्यांनी ती लिहिली. मृत्युगीत असूनही येथे ते दमदार लयीत येते. 'मिरर्स अँड स्मोक'मध्ये ली नॅश या गायिकेचा निर्मळ आवाज साथीला आहे. गीत गोड आहे, पण या अल्बमच्या वजनाला ते पुरे पडत नाही.

'लाइट गिव्हज हीट'चे मात्र तसे नाही. या मंडळींनी आफ्रिकेतील शुद्ध पाणी आणि एड्स या प्रश्नांसाठी 'ब्लड:वॉटर मिशन' ही संस्था उभारण्यात पुढाकार घेतला होता, आणि त्या कामातूनच त्यांना गोऱ्या दात्याच्या मनात वसणारा उपकारकर्त्याचा अहंकार दिसला. आपणच प्रकाश घेऊन निघालो आहोत, ही त्याची समजूत या गीतात तपासली जाते, आणि ही तपासणी चालू असताना 'आफ्रिकन चिल्ड्रन्स क्वायर'मधील मुलांचे आवाज त्यात येऊन मिळतात. ज्यांच्या नावाने निधी गोळा होतो त्याच खंडातील मुलांना गाण्यात बरोबरीचे स्थान देणे हे धाडस आहे. २००९ च्या अल्बममध्ये हा वृंद पुन्हा सफाईदार, की-बोर्डप्रधान नादाकडे वळला. त्यात कारागिरी पुष्कळ आहे, परंतु ज्या श्रोत्याला 'ओह माय गॉड' ऐकताना स्वतःची प्रार्थना सापडली असेल, तो २००६ च्या अल्बमकडेच परत येईल.