नेम धरताना (भाग ७) : लाल ठिपका घरी ठेवून

पहिल्या स्पर्धेचं पत्रक हातात पडलं, की साकोली-तुमसरकडची पोरं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : “सर, रेड डॉट लावला तं चालते का?”

नाही चालत. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या नियमात फक्त उघडी साइट मान्य आहे : पुढे माशी, मागे खाच. भिंग, आरसा, दुर्बीण, लेसर, विजेवर उमटणारा ठिपका, सगळ्याला बंदी. मुलं हिरमुसतात. पण तो ठिपका काय करतो हे नीट कळलं, तर पहिल्या स्पर्धेची निम्मी तयारी तिथेच होते. म्हणून आजचा भाग त्यावर.

आधी एक गैरसमज. रेड डॉट म्हणजे लेसर नव्हे. सिनेमात खलनायकाच्या छातीवर लाल टिंब पडतं, तसं इथे लक्ष्यावर काहीच पडत नाही. पिस्तुलावर छोटी काच असते, तिच्यामागे इवलासा लाल दिवा. त्याचा प्रकाश काचेवरून परतून डोळ्यात येतो, तो असा समांतर होऊन, की ठिपका काचेवर नाही, पार लांब, लक्ष्यापाशी तरंगतोय असं वाटतं. दिसतो तो फक्त नेम धरणाऱ्याला. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५च्या सुमारास अशी साइट बाजारात आणली. १९९०मध्ये डग कोनिग या अमेरिकी नेमबाजाने तिच्या जोरावर बियांची कप या पिस्तूल-स्पर्धेत १९२० पैकी १९२० गुण घेतले. त्यानंतर धावत-वळत गोळ्या झाडायच्या स्पर्धांत ठिपक्याने जम बसवला. आयपीएससी ही त्या खेळाची जागतिक संघटना, स्थापना १९७६ची. आज तिच्यात ठिपक्याच्या पिस्तुलांसाठी वेगळे गट आहेत.

मोबाइलवर दिसतात ते व्हिडिओ बहुतेक या जगातले. तिथली पिस्तुलं नऊ मिलिमीटरची, आणि आपल्याकडे सामान्य नागरिकाला तो बोअर निषिद्ध. भंडाऱ्याच्या मुलाची सुरुवात व्हायची ती ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याच्या एअर पिस्तुलानेच. त्यात कमीपणा काही नाही. मनू भाकर आणि सरबज्योतसिंग यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३० जुलै २०२४ रोजी कांस्य घेतलं ते याच प्रकारात. त्याच मंचावर रौप्य घेऊन उभा होता तो तुर्कस्तानचा युसुफ डिकेच, साधा चष्मा आणि एक हात खिशात घालून जगभर गाजलेला. त्याच्याही पिस्तुलावर माशी आणि खाचच होती.

आता मुद्द्याचं. उघड्या साइटमध्ये डोळ्यासमोर तीन वस्तू तीन अंतरांवर असतात : खाच, माशी आणि लक्ष्य. डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहू शकतो. पाहायची ती माशी. काळं वर्तुळ धुरकट दिसलं तरी चालेल, खरं तर तसंच दिसायला हवं. ठिपक्याच्या पिस्तुलात नेमकं उलटं, तिथे नजर लक्ष्यावर ठेवायची. ठिपक्याची सवय झालेला मुलगा उघडी साइट हातात आल्यावरही लक्ष्याकडेच बघत राहतो. माशी केव्हा कलली ते त्याला कळतच नाही.

कलली तर काय होतं? हिशेब करून बघा. माशी आणि खाच यांच्यात साधारण ३३ सेंटिमीटर अंतर धरू. माशी खाचेच्या मध्यापासून फक्त १ मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर बाजूला जातो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, पुढचं प्रत्येक कडं ८ मिलिमीटरचं. म्हणजे दहाचा सात झाला. उलट मनगट ताठ राहून अख्खा हातच १ मिलिमीटर सरकला, तर छर्राही १ मिलिमीटरच सरकेल, आणि दहा दहाच राहील. हात हलतो म्हणून पोरं रडतात. हात सगळ्यांचाच हलतो. घात करते ती माशी.

लाल ठिपक्याचा खरा उपयोग इथे. कोचकडे ठिपक्याचं पिस्तूल असेल, तर रेंजवर पंधरा मिनिटं ते रिकामं धरून बघा. ठिपका एखाद्या माशीसारखा भिरभिरतो (ही खरी, घरातली माशी). पहिल्यांदा बघणारा घाबरतो : माझा हात इतका हलतो? हो, आधीही इतकाच हलत होता. उघड्या साइटवर ते दिसत नव्हतं, इतकंच. ट्रिगर झटकला की तोच ठिपका टुणकन खाली उडी मारतो. चूक इतकी स्पष्ट दाखवणारा दुसरा मास्तर मला माहीत नाही. पण स्पर्धेला महिना उरला, की तो मास्तर पेटीत. त्यानंतर फक्त माशी, आणि कोऱ्या भिंतीसमोर रिकाम्या पिस्तुलाने ड्राय फायर, रोज वीस मिनिटं. भिंत कोरी, कारण लक्ष्यच नसलं की नजर पळणार कुठे?

आणि पुढेमागे कुणी ठिपका चालणाऱ्या स्पर्धेत उतरलंच, तर तयारी थोडक्यात अशी. बॅटरी नवी घाला. साइटचे स्क्रू आदल्या दिवशी तपासा, मगच शून्य जुळवा, म्हणजे गोळी ठिपक्याच्याच जागी जाईल अशी साइट बसवा. उन्हात पुरेसा वाटणारा ठिपका सावलीत भडक होऊन लक्ष्य झाकतो, तेव्हा प्रकाश जागेवर जाऊन ठरवा. पिस्तूल उचलल्यावर काचेत ठिपका शोधत बसू नका. नजर लक्ष्यावर, पिस्तूल नजरेच्या रेषेत. ठिपका आपोआप येतो, आणि येत नसेल तर पकड चुकली आहे.

पुन्हा आपल्या स्पर्धेकडे. भंडाऱ्याहून नागपूरला जायचं, साठेक किलोमीटर, म्हणून सकाळची पहिली एसटी धरायची असं बहुतेक जण ठरवतात. माझं मत : आदल्या संध्याकाळीच पोचा. तासभर पेटी सांभाळत, उभ्याने प्रवास केलेला खांदा दुसऱ्या तासाला किलोभराचं पिस्तूल धरायला राजी नसतो. शिवाय साहित्य-तपासणी आदल्या दिवशी उरकली तर झोप लागते. तपासणीत तीन गोष्टी बघतात. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं, आणि ट्रिगरने ५०० ग्रॅमचं वजन उचललं पाहिजे. नळी उभी धरून ट्रिगरला ते वजन लटकवतात. ट्रिगर सुटला की नापास. घरी हलका करून घेतलेला ट्रिगर इथे रडवतो. पेटीत रंगीत सेफ्टी फ्लॅग हवाच, आणि नळीत तो घातलेला नसेल तर पंच रेंजवर उभं करणार नाहीत.

सुटे स्क्रू, पाने, जास्तीचे छर्रे, हवा भरलेला सिलिंडर हे सगळं सांगितलं की मुलं माना डोलावतात आणि विसरतात. त्यांना मी टोकियो ऑलिंपिकची गोष्ट सांगतो. २५ जुलै २०२१, मनू भाकरच्या पिस्तुलाचा एक भाग ऐन फेरीत बिघडला. दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली, ५७५ गुण झाले, बारावा क्रमांक आला. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. हे सांगितल्यावर मात्र पाने पेटीत जातात.

मग वेळ. पूर्ण सामना ६० शॉटचा : इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ७५ मिनिटं, कागदी लक्ष्यावर ९०. त्याआधी तयारी आणि सायटिंगसाठी (गुण न धरल्या जाणाऱ्या शॉटसाठी) १५ मिनिटं, आणि त्यात हवे तितके शॉट. नवखा मुलगा या पंधरा मिनिटांत घामाघूम होऊन तीस-तीस छर्रे झाडतो. दहा-बारा पुरेत. साइट एखादी टिचकी फिरवायची असेल तर ती इथेच, ग्रुप म्हणजे शॉटचा पुंजका बघून. एका शॉटवरून नाही. आपल्याकडे सरावाच्या खोलीत खिडकीचा उजेड असतो, तिथे लक्ष्यावर पांढरा झगझगीत दिवा. माशी वेगळी दिसते, म्हणून पहिले चार शॉट वर किंवा खाली जातात, आणि मुलाला वाटतं आपण नेमच विसरलो. नेम नाही, उजेड बदलला.

खरा सामना सुरू झाल्यावर घाई होते ती पहिल्या सिरीजमध्ये. दहा शॉट सहा मिनिटांत संपवून काही जण इकडेतिकडे बघत उभे असतात. शॉटमागे मिनिटभर तर मिळतंच, वर पंधरा मिनिटं उरतात. पिस्तूल वर नेलं, माशी स्थिर होईना, आठ-दहा सेकंद झाली, तर हात खाली घ्या. त्याचे गुण कापत नाहीत. दोनदा खाली घेतलेला शॉट तिसऱ्यांदा सुटतो तेव्हा बहुतेक वेळा बरा जातो. रेंजवर शेजारच्या लेनमधल्या पोराची स्क्रीन मात्र बघू नका. तो तुमसरचा असो नाहीतर पुण्याचा.

पुढच्या आठवड्यात ट्रिगर : ते ५०० ग्रॅम बोटाच्या कोणत्या पेरावर घ्यायचे.